पेटी एक, किल्ल्या तीन

२०२५ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या असंख्य कचेऱ्यांना टाळे लागले, आणि ते १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे तब्बल ४३ दिवस, निघाले नाही. लाखो सरकारी नोकरांपैकी काही बिनपगारी घरी बसले, तर काही बिनपगारी कामावर जात राहिले. विमानतळांवरील वाहतूक नियंत्रकांनाही पगारावाचून विमाने उतरवावी लागली. त्याआधी २०१८-१९ च्या हिवाळ्यात हाच प्रकार ३५ दिवस चालला होता. जगातील सर्वांत धनाढ्य सरकारची ही दुर्दशा पाहून आपल्याकडे पुष्कळांची करमणूक झाली. ज्यांना स्वतःचे घर उघडे ठेवता येत नाही ते जगाला लोकशाहीचे धडे कसले देणार, असा सूरही ऐकू आला. करमणूक करून घेण्यास हरकत नाही. परंतु त्या टाळ्यामागे काय आहे हे समजून घेतले नाही, तर ज्या सत्तेच्या एका फर्मानाने आपल्या किनाऱ्यावरच्या कोळंबीचे भाव कोसळू शकतात त्या सत्तेची ओळख आपल्याला होणार नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर मंत्रिमंडळास घरी जावे लागते. सरकार पडते, पण कचेरी चालू राहते. अमेरिकेत नेमके याच्या उलट घडते. तेथे कचेरी बंद पडते आणि सरकार मात्र जागच्या जागी राहते. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचे विसर्जन करू शकत नाही आणि काँग्रेस अविश्वासाचा ठराव करून राष्ट्राध्यक्षास हाकलू शकत नाही. दोघेही आपापल्या मुदतीपुरते लोकांनी निवडून दिलेले, दोघांचीही सनद स्वतंत्र. घटनेत एवढेच लिहिले आहे की, कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज खजिन्यातून एक पैसाही काढता येणार नाही. मंजुरी नसेल तर कामकाज थांबविले पाहिजे, असा अर्थ १९८० साली तेव्हाचे महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी दिलेल्या कायदेशीर अभिप्रायामुळे रूढ झाला. त्यापूर्वी मंजुरीत खंड पडला तरी बहुतेक खाती कशीबशी रेटून नेली जात. म्हणजे ज्या तमाशाला आपण अमेरिकन घटनेइतकाच जुना समजतो, त्याचे वय जेमतेम साडेचार दशकांचे आहे.

अमेरिकेची राज्यव्यवस्था म्हणजे सत्तेची तीन वेगळी दालने, असे आपल्या शाळा-महाविद्यालयांतून अजूनही शिकविले जाते. कायदे करणारे एका दालनात, अंमल करणारे दुसऱ्यात, न्याय देणारे तिसऱ्यात, आणि मध्ये चिरेबंदी भिंती. परीक्षेत उत्तीर्ण होण्यास हे पुरेसे असेल, परंतु वस्तुस्थिती तशी नाही. मॉन्तेस्क्यू या फ्रेंच पंडिताने १७४८ साली सत्तेच्या विभाजनाचा सिद्धांत मांडला हे खरे, आणि १७८७ साली फिलाडेल्फिया येथे जमलेल्या मंडळींनी त्याचा ग्रंथ वाचलेला होता हेही खरे. तथापि त्यांनी जी घटना रचली तीत विभाजनापेक्षा सरमिसळच अधिक आहे. राष्ट्राध्यक्ष अंमलदार खरा, पण विधेयक त्याच्यापुढे ठेवल्यावाचून कायदा होत नाही, आणि त्याचा नकाराधिकार मोडून काढायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते पडावी लागतात. तेवढ्यापुरता तो कायदेमंडळाचाच तिसरा भाग ठरतो. सिनेट हे कायदेमंडळ खरे, पण मंत्री, राजदूत आणि न्यायाधीश यांच्या नेमणुकांना त्याची संमती लागते आणि तहांना दोन-तृतीयांश सिनेटरांचा होकार लागतो. म्हणजे सिनेट अंमलातही भागीदार आहे. न्यायाधीश आजन्म पदावर असतात, परंतु त्यांना नेमणारा राष्ट्राध्यक्ष, मान्यता देणारे सिनेट, आणि महाभियोगाने काढू शकणारी काँग्रेस. कायदा घटनाबाह्य ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला आहे असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. तो सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ साली एका निकालातून स्वतःच हाती घेतला.

आपल्याकडच्या काही देवस्थानांत पेटीला तीन कुलुपे आणि त्यांच्या तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या महाजनांपाशी, अशी रीत असल्याचे जुनी माणसे सांगतात. तिघे एकत्र आल्याखेरीज पेटी उघडत नाही. अमेरिकन व्यवस्थेचे मर्म समजण्यास मॉन्तेस्क्यूपेक्षा ही पेटी आम्हांस अधिक उपयोगी वाटते. पेटीतले दागिने तिघांनी वाटून घेतलेले नसतात. ते सगळे एकाच पेटीत असतात आणि ती उघडण्याचा अधिकार वाटलेला असतो. एका महाजनाने किल्ली हरवली, किंवा आळसाने दुसऱ्याच्या हवाली केली, तर पुढे काय होते हा प्रश्न अर्थातच उरतो. त्याकडे आपण येणारच आहोत.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत मसुदा मांडताना या अमेरिकन पद्धतीचा विचार करूनच ती नाकारली होती. स्थैर्य आणि जबाबदारी या दोहोंपैकी अमेरिकन पद्धत स्थैर्याला झुकते माप देते, आपण जबाबदारीला देत आहोत, हा त्यांच्या विवेचनाचा सारांश. आमच्या मते त्यांची निवड आपल्या देशापुरती योग्यच होती. परंतु नाकारलेली गोष्ट नीट समजून घेऊन नाकारणे हे बाबासाहेबांचे वैशिष्ट्य होते, आणि त्यांचे नाव घेणाऱ्यांनी ते विसरू नये.

तीन किल्ल्यांची ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायचे तर १९५२ सालच्या पोलाद खटल्याइतके बोलके उदाहरण नाही. कोरियात युद्ध पेटलेले होते. पोलाद कामगारांची वेतनवाढीची मागणी सरकारी वेतन मंडळाने बव्हंशी मान्य केली होती. पण टनामागे १२ डॉलर भाववाढ मिळाल्याखेरीज आम्ही ती देणार नाही, असे कारखानदारांनी ताणून धरले. ९ एप्रिलपासून संप ठरला. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी हुकूम क्रमांक १०३४० काढून देशातील बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले आणि रेडिओ-टेलिव्हिजनवरून राष्ट्रास तसे कळविले. व्यापारमंत्री चार्ल्स सॉयर यांनी कारखान्यांच्या अध्यक्षांनाच सरकारतर्फे कारभारी नेमले. भट्ट्या त्याच, कामगार तेच, साहेबही तेच, फक्त हुकूम सरकारच्या नावाने.

ट्रुमन यांच्यापाशी एक कायदेशीर मार्ग होता. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने न्यायालयाकडून संपाला ८० दिवसांची मनाई मिळविता आली असती. पण तो कायदा ट्रुमन यांच्या नकाराधिकाराला न जुमानता काँग्रेसने संमत केला होता, कामगारांना तो काळ्या कायद्यासारखा वाटे, आणि निवडणुकीचे वर्ष होते. शिवाय तो कायदा करतानाच, कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला द्यावा ही सूचना काँग्रेसने विचार करून फेटाळली होती. ट्रुमन यांनी दुसऱ्याच दिवशी काँग्रेसला कळवून टाकले की, तुम्हांला वेगळे काही करायचे असेल तर करा. काँग्रेसने काहीच केले नाही. हे घोंगडे तिने खुशाल भिजत ठेवले.

त्या दिवसांतील एक प्रसंग पत्रकारांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १७ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत कोणी तरी विचारले की, तुम्ही पोलाद कारखाने ताब्यात घेऊ शकता, तर मग वृत्तपत्रे आणि रेडिओ केंद्रेही घेऊ शकाल काय? ट्रुमन यांच्या उत्तराचा आशय असा होता की, तशीच परिस्थिती उद्भवली तर देशहितासाठी जे आवश्यक असेल ते राष्ट्राध्यक्षाला करावेच लागते. ट्रुमन हुकूमशहा नव्हते. साधा, सरळ, पापभीरू म्हणावा असा तो गृहस्थ. पण ‘देशहित’ हा शब्द सत्ताधाऱ्याच्या जिभेवर किती सहज येतो पाहा! ज्या गोमंतकात प्रत्येक वृत्तपत्र पोर्तुगीज तपासनिसाच्या निळ्या-तांबड्या पेन्सिलीखालून गेल्याखेरीज बाहेर पडत नसे, तेथील लोकांना या शब्दाचा वास चांगला परिचयाचा आहे. सालाझारच्या १९३३ च्या घटनेतही राष्ट्रीय विधानसभा होती, न्यायालये होती, राष्ट्रपतीदेखील होता. कागदावर काहीच कमी नव्हते, मात्र साऱ्या किल्ल्या एकाच कमरेला लटकत होत्या.

कारखानदार न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयात न्यायाधीश डेव्हिड पाइन यांच्यासमोर सरकारी वकील होम्स बाल्ड्रिज यांनी जी भूमिका घेतली तिने सरकारचा घात केला. राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराला मतपेटी आणि महाभियोग या दोनच मर्यादा आहेत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे घटनेने काँग्रेसला मर्यादा घातल्या, न्यायालयाला घातल्या आणि राष्ट्राध्यक्षाला तेवढे मोकळे सोडले, असे तुमचे म्हणणे काय, या न्यायाधीशांच्या प्रश्नालाही त्यांनी होकारच भरला. दुसऱ्या दिवशी देशभर गहजब झाला. २९ एप्रिलला पाइन यांनी जप्ती बेकायदा ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने असाधारण त्वरेने १२ व १३ मे रोजी युक्तिवाद ऐकले आणि २ जून रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ट्रुमन यांचा हुकूम रद्द केला.

त्या नऊ न्यायमूर्तींपैकी एकूण एक रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाची थोरवी कळते. चौघे तर खुद्द ट्रुमन यांचे. त्यांतील बर्टन आणि क्लार्क हे विरुद्ध गेले, आणि टॉम क्लार्क हे पूर्वी ट्रुमन यांचेच महान्यायवादी होते. न्या. ह्यूगो ब्लॅक यांनी बहुमताचा निकाल लिहिला. मालमत्ता ताब्यात घ्यायची की नाही हे ठरविणे म्हणजे कायदा करणे, आणि कायदा करणे काँग्रेसचे काम, असा त्यांचा रोखठोक विचार. पण काळाच्या ओघात टिकले ते न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचे पुरवणी निकालपत्र. हे जॅक्सन म्हणजे न्युरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला चालविणारे अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते. १९४१ साली रूझवेल्ट यांनी कॅलिफोर्नियातील विमानाचा कारखाना ताब्यात घेतला तेव्हा महान्यायवादी म्हणून त्यांनीच त्या कृतीचे समर्थन केले होते! सरकारी वकिलांनी तो दाखला त्यांच्यापुढे ठेवला, पण वकील म्हणून केलेल्या युक्तिवादाने न्यायाधीश बांधला जात नाही, असे त्यांनी मानले.

जॅक्सन यांनी राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि समुद्रकाठच्या माणसाला त्या चटकन समजाव्यात. काँग्रेसने कायद्याने अधिकार दिला असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेला पूर्ण भरती. काँग्रेस गप्प असेल तेव्हा संधिप्रकाश, ज्यात परिस्थिती पाहून ठरवावे लागते. आणि काँग्रेसच्या व्यक्त इच्छेविरुद्ध तो वागत असेल तेव्हा सत्तेची पार ओहोटी. तेथे त्याच्या गलबताला घटनेने स्वतः दिलेले पाणी तेवढेच उरते. ट्रुमन यांचे गलबत या शेवटच्या जागी रुतले, कारण काँग्रेसने पाच वर्षांपूर्वीच नकार दिलेला होता. ही कसोटी आजही अमेरिकन न्यायालयांत वापरली जाते, आणि ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. तीनही पायऱ्यांवर मोजमाप राष्ट्राध्यक्षाचे असले तरी मापाची पट्टी काँग्रेस आहे. काँग्रेस बोलली काय, गप्प राहिली काय, नाही म्हणाली काय, यावरच सारे ठरते.

ट्रुमन यांनी निकाल मानला आणि त्याच दिवशी कारखाने परत केले. सुमारे सहा लाख कामगार संपावर गेले आणि संप ५३ दिवस चालला. ज्याच्या हाताखाली अणुबाँब होता त्या माणसाने, ज्यांच्यापाशी फौज नाही की खजिना नाही अशा सहा वृद्धांच्या कागदापुढे मान तुकविली. पुढे न्या. ब्लॅक यांनी ट्रुमन यांना आपल्या घरी मेजवानीस बोलावले, तेव्हा तुमचा कायदा मला फारसा आवडला नाही पण तुमची दारू उत्तम आहे, अशा अर्थाचे उद्गार ट्रुमन यांनी काढल्याची आठवण न्या. डग्लस यांनी लिहून ठेवली आहे. निकाल विरुद्ध गेला की न्यायाधीशांची गणना देशद्रोह्यांत करण्याची चाल हल्ली सगळीकडेच पडू लागली आहे, म्हणून हा किस्सा सांगितला.

निक्सन यांचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, त्याचा पाल्हाळ लावत नाही. ध्वनिफिती न्यायालयात हजर करा, असा निकाल २४ जुलै १९७४ रोजी आठ विरुद्ध शून्य मतांनी लागला. त्या आठांत निक्सन यांनी नेमलेले तिघे होते, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर त्यांपैकीच एक. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. त्याच सुमारास दुसरीही एक लढाई झाली, तिच्याकडे मात्र आपल्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा निक्सन खर्चच करीत नसत. नकाराधिकार मोडला गेला तर खर्च रोखून धरायचा, ही त्यांची युक्ती. काँग्रेसने १२ जुलै १९७४ च्या कायद्याने ती वाट अडविली आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ साली नद्यांच्या शुद्धीकरणासाठीच्या पैशाबाबत निक्सन यांच्या कारभाराविरुद्ध एकमताने निर्णय दिला. ही वाट कायमची बुजली असे तेव्हा वाटले होते. पण २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने परराष्ट्र मदतीचे सुमारे चार अब्ज डॉलर अडवून ठेवण्यास ट्रंप सरकारला अंतरिम आदेशाने मोकळीक दिली. आमच्या मते ही मोकळीक घातक होती. मंजूर पैसा खर्च करायचा की नाही हे एकटा राष्ट्राध्यक्ष ठरवू लागला, तर काँग्रेसच्या हातातली किल्ली शोभेची ठरते.

आता एका भारतीय वंशाच्या तरुणाची हकिकत. जगदीश राय चढ्ढा यांचा जन्म केनियातला, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ साली ते शिकण्यासाठी अमेरिकेत ओहायो राज्यात गेले. १९७२ साली त्यांच्या परवान्याची मुदत संपली. केनिया आपला म्हणेना, ब्रिटन लगेच घेईना, अशी पूर्व आफ्रिकेतल्या कित्येक भारतीय कुटुंबांची जी ससेहोलपट झाली तीच त्यांच्या वाट्यास आली. १९७४ साली अमेरिकन अधिकाऱ्याने सहानुभूतीने त्यांची हद्दपारी तहकूब केली. पण कायद्यात अशी एक तरतूद होती की, अधिकाऱ्याने दिलेली ही सवलत काँग्रेसचे कोणतेही एक सभागृह नुसत्या ठरावाने रद्द करू शकेल. प्रतिनिधिगृहाने १६ डिसेंबर १९७५ रोजी ३४० जणांच्या यादीतून सहा नावे काढून तसा ठराव केला. चर्चा नाही, मतांची नोंद नाही, ठरावाचा छापील मसुदासुद्धा सभासदांच्या हाती नाही. एका माणसाच्या आयुष्याचा निकाल इतक्या निष्काळजीपणाने लागला.

चढ्ढा लढले. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. काँग्रेसला कोणाचे कायदेशीर हक्क बदलायचे असतील तर एकच मार्ग आहे, दोन्ही सभागृहांची संमती आणि राष्ट्राध्यक्षापुढे सहीसाठी पाठवणी. एकाच सभागृहाचा परस्पर ठराव म्हणजे आडवाट. एक परका, बिनदेशाचा विद्यार्थी उभा राहतो आणि त्या बलाढ्य राष्ट्राच्या कायदेमंडळाचा अर्धशतकापासूनचा प्रघात कोसळतो, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु कौतुक करून थांबता येत नाही. न्या. बायरन व्हाइट यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात दाखवून दिले की, अशा धर्तीच्या तरतुदी जवळजवळ २०० कायद्यांत आहेत आणि या एका फटक्यात त्या साऱ्या निकामी होतील. त्यांची भीती निराधार नव्हती. आधुनिक राज्यात काँग्रेसला दर गोष्टीचा कायदा करणे अशक्य, म्हणून ती राष्ट्राध्यक्षाला व्यापक अधिकार देते. देताना ‘गैरवापर झाला तर आम्ही ठराव करून काढून घेऊ’ अशी दोरी हातात ठेवते. न्यायालयाने दोरी कापली, आणि दिलेले अधिकार मात्र राष्ट्राध्यक्षाकडेच राहिले! चढ्ढा यांच्यापुरता न्याय झाला, यात शंका नाही, पण तराजूचे पारडे त्या दिवसापासून एका बाजूला कलले.

याची सर्वांत मोठी झळ आणीबाणीच्या कायद्याला बसली. १९७६ साली काँग्रेसने राष्ट्रीय आणीबाणीविषयी कायदा केला, तेव्हा दोन्ही सभागृहांच्या ठरावाने, राष्ट्राध्यक्षाच्या सहीवाचून, आणीबाणी संपविण्याची सोय त्यात होती. चढ्ढा निकालानंतर १९८५ साली तीत बदल करून सहीची अट घालावी लागली. ज्याने आणीबाणी पुकारली त्याच्याच सहीने ती उठवायची! १५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी आणीबाणी जाहीर केली. भिंतीला हवा तेवढा पैसा काँग्रेसने नाकारला होता, आणि आधीचे ३५ दिवसांचे टाळे त्याच भांडणातून लागले होते. प्रतिनिधिगृहाने आणीबाणी उठविण्याचा ठराव केला. सिनेटमध्ये तो ५९ विरुद्ध ४१ मतांनी संमत झाला, राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाचे १२ सिनेटर त्यात होते. १५ मार्चला ट्रंप यांनी नकाराधिकार वापरला. २६ मार्चला प्रतिनिधिगृहात २४८ विरुद्ध १८१ मते पडली. बहुमत स्पष्ट, पण दोन-तृतीयांशाला ३८ कमी. दोन्ही सभागृहे ‘नको’ म्हणत असताना आणीबाणी चालू राहिली. जॅक्सन यांच्या मापाने ही ओहोटी मानायची की भरती, हे वाचकांनीच ठरवावे.

युद्धाच्या बाबतीत तर काँग्रेसने आपली किल्ली आपणच गहाळ केली, असे म्हणावे लागेल. युद्ध पुकारण्याचा अधिकार घटनेने तिला दिलेला आहे. तो तिने शेवटचा वापरला १९४२ साली. ट्रुमन यांनी ज्या युद्धाच्या नावाने कारखाने घेतले ते कोरियाचे युद्धही कधी पुकारलेले नव्हते, व्हिएतनामचेही नव्हते. ७ नोव्हेंबर १९७३ रोजी निक्सन यांचा नकाराधिकार मोडून एक कायदा झाला, त्यान्वये काँग्रेसच्या संमतीवाचून सैन्य ६० दिवसांहून अधिक काळ लढाईत ठेवता येत नाही. त्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी, पक्ष कोणताही असो, या कायद्याला कागदी मान देऊन प्रत्यक्षात हवे तेच केले.

परराष्ट्र व्यवहारात राष्ट्राध्यक्षाच्या माणसांचे शब्द किती स्वैर असू शकतात याचा अनुभव गोव्याने घेतला आहे. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्या यांनी संयुक्त पत्रक काढले, आणि त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज ‘प्रांतां’चा उल्लेख केला. सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच वर्षाची ही गोष्ट. गोवा म्हणजे पोर्तुगालचा प्रांत, या सालाझारच्या हेक्यावर वॉशिंग्टनने शिक्का मारल्यासारखे झाले, आणि पुढे पत्रकार परिषदेतही डलेस यांनी ते शब्द मागे घेतले नाहीत. त्या पत्रकाला सिनेटची संमती होती काय? नव्हती, आणि लागतही नव्हती. सिनेटने १९४९ साली ज्या नाटो तहाला ८२ विरुद्ध १३ मतांनी संमती दिली होती, त्याचा प्रदेश सहाव्या कलमात शब्दशः आखलेला होता, आणि हिंदी महासागर त्यात कोठेच नव्हता. तीन किल्ल्यांनी उघडलेल्या पेटीतून निघालेला दस्तऐवज असा रेखीव होता. एकट्याच्या खिशातून निघालेले पत्रक मात्र बेजबाबदार. गोव्यातील तुरुंगांत असलेल्यांना हा फरक तेव्हा समजला असता तरी त्यांचे दुःख हलके झाले नसते. पण आज तो नोंदविणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आणि न्यायालय? त्याच्यावर सारी भिस्त ठेवणाऱ्यांनी १ जुलै २०२४ चा निकाल वाचावा. राष्ट्राध्यक्षाने आपल्या घटनादत्त गाभ्यातील अधिकारांत केलेल्या कृत्यांसाठी त्याच्यावर फौजदारी खटला भरताच येणार नाही, आणि इतर सरकारी कृत्यांबाबतही त्याला संरक्षण आहे असे गृहीत धरले जाईल, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. घटनेत हे संरक्षण लिहिलेले नाही. काँग्रेसच्या सभासदांना भाषणापुरते संरक्षण ज्यांनी आठवणीने लिहिले, ते घटनाकार राष्ट्राध्यक्षापुरते विसरले होते, असे मानणे आम्हांस जड जाते. बाल्ड्रिज यांनी १९५२ साली जी भूमिका घेऊन हसे करून घेतले होते, तिच्या बऱ्याच जवळ हा निकाल जातो.

तरीही अमेरिकेच्या आजच्या दुखण्याचे मूळ आम्हांस व्हाइट हाउसमध्ये दिसत नाही, न्यायालयातही दिसत नाही. ते काँग्रेसमध्ये आहे. प्रत्येक सत्तास्थान आपल्या अधिकारासाठी भांडेल, आणि त्या भांडणातच लोकांचे स्वातंत्र्य सुरक्षित राहील, हा घटनाकारांचा हिशेब होता. पक्ष या गोष्टीचा त्या हिशेबात समावेश नव्हता. आजचा सिनेटर प्रथम पक्षाचा असतो, मागाहून सिनेटचा. आपला माणूस व्हाइट हाउसात असला की त्याला सभागृहाच्या अधिकाराची आठवण राहत नाही, विरोधकाचा असला की एकाएकी घटनेचा उमाळा येतो. दोन्ही पक्ष यात सारखेच वाकबगार.

आयातकर बसविण्याचा अधिकार घटनेच्या पहिल्याच प्रकरणात काँग्रेसला दिलेला आहे. २०२५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन जगावर कर लादले. त्या कायद्यात आयातीचे नियमन असे शब्द आहेत, कर हा शब्द नाही. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के असा एकूण ५० टक्क्यांचा बोजा पडला, आणि कोळंबी निर्यात करणाऱ्यांचे धाबे दणाणले. त्याविरुद्ध जे उभे राहिले त्यांत मुलांची शैक्षणिक खेळणी विकणारी इलिनॉय राज्यातली एक कंपनी होती. तिने न्यायालयाचे दार ठोठावले, आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात त्यावर युक्तिवाद झाले. जिचा अधिकार गेला ती काँग्रेस त्या दिवसांत काय करीत होती? तिच्या भांडणापायी देशाच्या कचेऱ्यांना टाळे होते.

१९७५ च्या आणीबाणीनंतर आपण शहाणे झालो. ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ साली असे ठरविले की, आणीबाणीला संसदेची एका महिन्याच्या आत विशेष बहुमताने मान्यता हवी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागेल, नाही तर ती आपोआप संपेल. अमेरिकेची आणीबाणी आपल्या त्या आणीबाणीसारखी नाही. तीत विरोधकांना तुरुंगात डांबता येत नाही, की वृत्तपत्रांवर तपासनीस बसविता येत नाही. पण तिने विशेष अधिकारांची कपाटे उघडतात, आणि ती आपोआप संपत नाही, कारण राष्ट्राध्यक्ष दरवर्षी एक पत्र काढून तिची मुदत वाढवू शकतो. दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहांनी तिचा विचार केलाच पाहिजे, असे १९७६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ते कलम न्यायालयाने रद्द केलेले नाही. काँग्रेसने ते दशकानुदशके पाळलेच नाही. तेहरानमधील वकिलातीत अमेरिकन ओलीस धरले गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ रोजी इराणसंबंधी आणीबाणी जाहीर केली होती. ओलीस १९८१ च्या जानेवारीत घरी परतले, कार्टर डिसेंबर २०२४ मध्ये शंभरी पूर्ण करून निवर्तले, आणि ती आणीबाणी २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा एका वर्षासाठी वाढविण्यात आली.